कोकणातील जिल्हा परिषद शाळेत नव्याने आलेल्या पालकांसाठी: वर्षभराच्या सूचना आणि कार्यक्रम

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील गावांत दरवर्षी काही कुटुंबे नव्याने येतात. कोणी मुंबई-ठाण्याची नोकरी सोडून गावच्या घरी परततो, कोणाची बदली होते, तर कोणी आंब्याच्या बागेच्या राखणीसाठी किंवा बोटीवर खलाशी म्हणून बिऱ्हाडासह येतो. मुलांना गावच्या जिल्हा परिषद शाळेत घालणे फारसे अवघड नसते, परंतु त्यानंतर शाळेत काय चालले आहे, पुढच्या आठवड्यात काय आहे आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे समजायला बराच काळ जातो. पहिली ते पाचवीच्या शाळेत पट साठपर्यंत असेल, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार दोन शिक्षक असतात. तेच शिक्षक चार-पाच इयत्ता एकत्र शिकवतात, आहाराच्या नोंदी ठेवतात, शासनाच्या पोर्टलवर माहिती भरतात आणि पालकांना निरोपही धाडतात. त्यामुळे प्रत्येक सूचना छापील कागदावर घरी येईल, असे गृहीत धरता येत नाही. माझी मुले अशाच शाळेत शिकली आणि मी शाळा व्यवस्थापन समितीतही काम केले. त्या अनुभवातून नव्या पालकांना उपयोगी पडेल तेवढे येथे क्रमाने मांडत आहे.

१. प्रवेशाची कागदपत्रे पाऊस सुरू होण्याआधी जमवा

विदर्भ वगळता राज्यातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि कोकणात त्याच सुमारास पाऊस जोर धरतो. तालुक्याच्या गावी हेलपाटे घालण्याची कामे मे महिन्यातच उरकलेली बरी. पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पुढील कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स यांसह ठेवावेत:

– मुलाचा जन्मदाखला
– मुलाचे आणि आई-वडिलांचे आधार कार्ड
– रेशनकार्ड किंवा रहिवासाचा अन्य पुरावा
– आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला (पहिलीच्या वरच्या वर्गासाठी)
– जातीचा दाखला, लागू असल्यास
– मुलाच्या किंवा पालकाच्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान
– पासपोर्ट आकाराचे फोटो
– अंगणवाडीतील लसीकरणाची नोंद

यांपैकी एखादा कागद नाही म्हणून घरी बसू नका. जन्मदाखला नसेल तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचे प्रतिज्ञापन चालते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश मिळतो आणि तो त्याच्या वयाला अनुरूप अशाच वर्गात मिळतो. बागांतून आणि बंदरांवर काम करणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांना ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. आपल्या वाडीत असे कुटुंब राहायला आले असेल, तर त्यांना शाळेपर्यंत घेऊन जाणे हे शेजाऱ्याचे काम आहे असे मी मानतो.

येथे काळजी घ्यायची ती नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव आणि जन्मतारीख एकदा लिहिली गेली की पुढे दहावीपर्यंत तीच चालते आणि ती बदलणे फार किचकट असते. म्हणून नोंद होताना समोर बसून जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर या तिन्हींवरील अक्षरे जुळवून घ्या. मुलाची पाच वर्षे पूर्ण झाली असतील, तर आधारमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंदही अद्ययावत करावी लागते, तेही याच वेळी उरका.

२. सूचना कोणत्या वाटांनी येतात, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या

बहुतेक शाळांचा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो आणि नव्या पालकाला वाटते की त्यात नाव आले म्हणजे झाले. कोकणात मात्र येथेच मोठी अडचण होते. शाळेच्या दप्तरी वडिलांचा मोबाईल क्रमांक असतो आणि वडील मुंबईत, बोटीवर किंवा दिवसभर बागेत असतात. ‘उद्या सकाळची शाळा’ हा निरोप त्यांच्या मोबाईलवर पोहोचतो, पण मुलाला तयार करणारी आई किंवा आजी यांना तो कळत नाही. म्हणून शाळेत दोन क्रमांक द्या आणि त्यांतला एक प्रत्यक्ष घरी राहणाऱ्या माणसाचा असू द्या. त्याच्याकडे साधा बटणाचा फोन असेल, तर तसे वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा. निकडीच्या वेळी ते एक फोन करतात.

दुसरी वाट फलकाची आहे. शाळेच्या दर्शनी भिंतीवरील फळ्यावर दिनविशेष, सुविचार आणि पट-उपस्थिती यांच्यासोबत पुढील कार्यक्रमांची सूचनाही लिहिलेली असते. मुलाला सोडायला जाल तेव्हा दारातून परत न फिरता तो फळा वाचून या. तिसरी वाट मुलांची. परिपाठाच्या शेवटी गुरुजी किंवा बाई तोंडी सूचना देतात, त्या घरी येईपर्यंत मुले विसरतात. ‘आज परिपाठात काय सांगितले?’ हा प्रश्न रोज दप्तर ठेवतानाच विचारण्याची सवय लावली, तर निम्मी माहिती तेथेच मिळते.

आणि चौथी वाट वाडीची. जेथे मोबाईलला रेंज नाही, अशा वाड्यांतून निरोप माणसांमार्फतच फिरतात. आपल्या वाडीतील कोणती मोठी मुले त्याच शाळेत जातात आणि समितीचा कोणता सदस्य जवळ राहतो, एवढे माहीत करून घ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला, त्या दोन्ही वेळी वीज आणि मोबाईल एकाच वेळी बंद पडले होते. अशा दिवसांत ही चौथी वाटच उपयोगी पडते.

३. पावसाळ्यातील अचानक सुट्टी

जून ते सप्टेंबर या काळात सर्वांत जास्त गोंधळ याच एका बाबतीत होतो. भारतीय हवामान विभागाने जिल्ह्यासाठी लाल इशारा दिला म्हणजे शाळेला आपोआप सुट्टी लागत नाही. सुट्टीचा आदेश जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील अधिकारात काढतात आणि तो बहुधा आदल्या रात्री उशिरा किंवा त्याच दिवशी पहाटे येतो. असा आदेश मोबाईलवर आला की चार गोष्टी पाहाव्यात: त्यावरील तारीख आणि वर्ष, जिल्ह्याचे नाव, सुट्टी सर्व तालुक्यांना आहे की ठरावीक तालुक्यांना, आणि ती कोणत्या इयत्तांसाठी आहे. मागील वर्षाचा किंवा शेजारच्या जिल्ह्याचा आदेश फिरत राहणे हे दर पावसाळ्यात घडते आणि त्यावर विसंबून काही मुले घरी राहतात, तर काही रिकाम्या शाळेसमोर भिजत उभी राहतात. शंका असेल तर मुख्याध्यापकांनी गटावर दुजोरा दिला आहे का, एवढे पाहा.

आदेश नसतानाही मुलाची वाट धोक्याची असू शकते. पऱ्याला (ओढ्याला) पाणी आले असेल, साकवावरून (ओढ्यावरील छोट्या पुलावरून) लोट जात असेल किंवा डोंगराची माती रस्त्यावर आली असेल, तर मुलाला पाठवू नका आणि तसे वर्गशिक्षकांना कळवा. शिक्षकही त्याच वाटेने येतात, त्यांना पाण्याची कल्पना असते. शाळा सुरू असताना पाऊस वाढला तर मुले लवकर सोडावी लागतात. अशा वेळी आपल्या मुलाला कोण न्यायला येईल आणि तो माणूस न आल्यास मूल कोणाच्या घरी थांबेल, ही दोन नावे जूनमध्येच शाळेत लिहून द्या. माझ्या मते, प्रवेश अर्जातील कोणत्याही रकान्यापेक्षा ही चिठ्ठी महत्त्वाची आहे.

४. सुट्ट्यांची यादी आणि गावचे पंचांग एकत्र ठेवा

वर्षाच्या आरंभी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षण विभाग सुट्ट्यांची यादी काढतो. तिची प्रत शाळेत मागा, तिचा फोटो घ्या आणि कालनिर्णयावर तारखा उतरवा. यादी प्रत्येक जिल्ह्याची वेगळी असते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या नातेवाइकांच्या मुलांच्या सुट्ट्यांवरून अंदाज बांधू नका. कोकणात गणेशोत्सवाची सुट्टी मोठी मिळते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचे दिवस इतरत्र असतात तितके असतीलच असे नाही. रेल्वेचे आरक्षण काढण्याआधी हे पाहिलेले बरे.

छापील यादीत नसलेले दिवस गावाच्या रिवाजातून येतात. शिमग्यात पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत येणार, हे मानकरी आणि गावकार ठरवतात. जत्रेचेही तसेच आहे. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर देवीचा कौल घेऊनच जाहीर होते. अशा दिवसांसाठी मुख्याध्यापक आपल्या अधिकारातील सुट्टी वापरतात किंवा शाळा सकाळच्या वेळेत भरवतात आणि हा निर्णय दोन-चार दिवस आधीच कळतो. गावात नवीन असाल तर आपल्या ग्रामदेवतेची जत्रा साधारण कोणत्या महिन्यात असते, हे शेजारच्या काकांना विचारून ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते आणि उन्हाळा वाढला की बहुतेक शाळा रोजच सकाळी भरू लागतात. एस.टी.च्या फेऱ्या मात्र त्यानुसार बदलत नाहीत, म्हणून गाडीने जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी आगाराचे वेळापत्रक आधी तपासावे.

५. वर्षातील कार्यक्रम आणि त्यांची तयारी

पहिला कार्यक्रम प्रवेशोत्सवाचा. शाळा उघडण्याच्या दिवशी नव्या मुलांचे फुले देऊन स्वागत होते आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. पुस्तके विकत घेण्याची घाई करू नका, वह्या मात्र आपल्याच आणाव्या लागतात. पहिलीच्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा घेतला जातो. त्यात मुलाच्या शारीरिक, बौद्धिक, भाषिक आणि गणनपूर्व तयारीची पाहणी वेगवेगळ्या टेबलांवर खेळांतून होते. ही परीक्षा नव्हे. मुलाला काय येत नाही ते पाहून आईने घरी काय करून घ्यावे, याचे मार्गदर्शन तेथे मिळते, म्हणून मुलासोबत आईने स्वतः जावे.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दिवशी प्रभातफेरी, ध्वजारोहण आणि भाषणे असतात. शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे ध्वजारोहण वेगवेगळ्या वेळी असू शकते, तेव्हा वेळ आदल्या दिवशी विचारावी. भाषणाचा कागद मुलाला आयता लिहून देण्याऐवजी चार वाक्ये त्याच्याकडून सांगून घेतली तर ती त्याला व्यासपीठावरही आठवतात.

त्यानंतर ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन असे दिवस येत राहतात. वेशभूषा, पुस्तक किंवा छोटे साहित्य यांची मागणी याच दिवसांसाठी होते आणि ती बहुधा एक-दोन दिवस आधी येते. ही यादी भिंतीवर लावून ठेवली तर रात्री धावपळ होत नाही. दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव, आणि २४ डिसेंबर ही त्यांची जयंती. आपल्या भागातील मुलांना हा दिवस विशेष जिव्हाळ्याने सांगावा असे मला वाटते. सोय असेल तर सहलीच्या दिवशी पालगड पाहण्याचे पालक सभेत सुचवून पाहा.

हिवाळ्यात क्रीडा स्पर्धा सुरू होतात. त्या केंद्र (आसपासच्या काही शाळांचा गट), तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांनी होतात आणि कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे हे खेळ त्यांत असतात. मूल निवडले गेले तर प्रवासासाठी पालकाचे लेखी संमतिपत्र लागते, आणि केंद्रशाळेच्या गावी सकाळी लवकर पोहोचावे लागते. गाडीभाडे कोण देणार, सोबत कोणत्या बाई जाणार आणि परत किती वाजता येणार, हे संमतिपत्रावर सही करतानाच विचारा.

६. स्नेहसंमेलन आणि शैक्षणिक उठाव

वार्षिक स्नेहसंमेलन डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान होते. गावात तो शाळेपुरता कार्यक्रम राहत नाही. गावच्या मुंबईकरांचे मंडळ येते, माजी विद्यार्थी येतात, महिलांचे हळदीकुंकू होते आणि मुलांच्या नृत्यांनंतर रात्री उशिरापर्यंत रत्नागिरीकडे नमन, तर सिंधुदुर्गात दशावतारी नाटक रंगते. नव्या पालकाला गावात ओळख व्हायला याहून चांगला प्रसंग नाही. तयारीच्या सभेला आवर्जून जा आणि एक काम अंगावर घ्या. मंडप घालणे, मुलांचा मेकअप, पाहुण्यांचा चहा, बक्षिसांची यादी यांपैकी काहीही चालेल.

पोशाखाच्या बाबतीत सावध राहा. भाड्याच्या पोशाखांचा खर्च एकदा वाढत गेला की रोजंदारीवरील पालकांना तो जड जातो आणि ते मुलाला नाचातूनच काढून घेतात. शेतकरी, कोळी किंवा वारकरी यांचे वेष घरच्या नऊवारी, उपरणे आणि टोपी यांतून तयार होतात, असे सभेत ठामपणे सुचवा. इतर पालकांच्या मनातही बहुधा तेच असते.

याच काळात ‘शैक्षणिक उठाव’ होतो, म्हणजे शाळेसाठी ग्रामस्थांकडून रोख किंवा वस्तुरूपाने मदत गोळा केली जाते. अनेक शाळांचे संगणक, पाण्याच्या टाक्या आणि वादळात उडालेली छपरे या मदतीतूनच उभी राहिली आहेत. ही मदत पूर्णपणे ऐच्छिक असते. प्रवेशासाठी देणगी मागणे कायद्याने बंद आहे आणि कोणी तिचा संबंध मुलाच्या प्रवेशाशी जोडत असेल, तर ते चुकीचे आहे. जे द्याल त्याची पावती घ्या. पावती मागण्यात अविश्वास नसतो, उलट शाळेचा हिशेब त्यामुळेच स्वच्छ राहतो.

७. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जाणे टाळू नका

सर्व बातम्यांचा खरा उगम येथे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार प्रत्येक शाळेत ही समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, तर मुख्याध्यापक सचिव असतात. समितीने शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचे, अनुदानाचा विनियोग पाहायचा आणि शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. सहलीची तारीख, स्नेहसंमेलनाचे नियोजन, दुरुस्तीचे काम, शिक्षकांची रिक्त जागा यांची चर्चा आधी येथे होते आणि मग गटावर संदेश येतो.

समितीची निवड पालकांच्या सभेत होते. ही सभा भातलावणीच्या दिवसांत आली की उपस्थिती फार कमी असते आणि जे चार-सहा जण हजर असतात, त्यांच्यातूनच नावे ठरतात. नव्या पालकाला वाटते की आपण गावचे नाही, आपण काय बोलावे. परंतु मूल पटावर आले त्या दिवसापासून तुमचा हक्क इतर पालकांइतकाच आहे. सदस्य नसाल तरी मासिक सभेची तारीख विचारा, आपला मुद्दा लेखी द्या आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते पुढच्या वेळी पाहा. सभेत बोलताना एक पथ्य पाळावे: शिक्षकाविषयीची तक्रार आधी त्याच शिक्षकाशी एकट्याने बोलावी. लहान गावात भर सभेत काढलेला शब्द बराच काळ राहतो आणि त्याचा भार मुलाच्या मनावर पडतो.

आपल्या भागात पट घटत चाललेल्या शाळा पुष्कळ आहेत. ज्या शाळेत पालक नियमित येतात, तेथे शिक्षकांनाही हुरूप राहतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून सभा कंटाळवाणी वाटली तरी जा.

८. आहार आणि आरोग्य तपासणी

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्याचे शिजवलेले अन्न मिळते आणि त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. आठवड्याची पाककृती फलकावर असते आणि चव नोंदवही, म्हणजे अन्न चाखून अभिप्राय लिहिण्याची वहीही असते. पालकांनी अधूनमधून जेवणाच्या वेळी जाऊन चव पाहावी, त्याला कोणी हरकत घेत नाही. मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर शिक्षकांबरोबरच स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही सांगा. मुलाच्या वाढदिवशी केक वाटण्यापेक्षा तिथीभोजन द्यावे: केळी, उसळ किंवा एखादा गोड पदार्थ सगळ्यांच्या ताटात जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका आणि जुने आजार, चष्मा किंवा चालू औषधे यांची चिठ्ठी दप्तरात ठेवा. जंतनाशक गोळ्या फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये दिल्या जातात, त्या दिवशी मुलाने नाश्ता करून जावे.

९. स्पर्धा परीक्षांचे अर्ज

शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती कोणत्या इयत्तेसाठी आणि कोणत्या महिन्यात आहे, हे वर्गशिक्षकांकडून त्या त्या वर्षी निश्चित करून घ्या. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी मूल पाचवीत असतानाच अर्ज करावा लागतो आणि मूल त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असणे आवश्यक असते. या निवडीत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, त्यामुळे गावच्या शाळेतील मुलाला खरी संधी आहे. या अर्जांची मुदत गणपतीच्या गडबडीत हातची जाऊ शकते, म्हणून पाचवीच्या पालकांनी जूनपासूनच चौकशी ठेवावी.

१०. अडचण सुटली नाही तर, आणि वर्ष संपताना

वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन समिती, त्यानंतर केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुलाला मारहाण किंवा छळ होत असल्यास मात्र हा क्रम पाळत बसू नका. कायद्याने शारीरिक शिक्षा बंद आहे आणि १०९८ या मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

एप्रिलअखेर परीक्षा संपतात आणि अनेक शाळांत १ मे रोजी ध्वजारोहणानंतर प्रगतिपुस्तके मिळतात. त्या दिवशी स्वतः जा, कारण त्यानंतर शिक्षक आपापल्या गावी जातात आणि जूनपर्यंत शाळेला कुलूप असते. शाळेची शेवटची इयत्ता संपत असेल किंवा कुटुंब दुसऱ्या गावी जाणार असेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक जागेवरच तपासा आणि पोर्टलवरील मुलाचा विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या. नव्या शाळेत तोच विचारला जातो.